पडद्यावरचा वेग आणि पायातली चाके

चार चाके एकामागे एक, एकाच रेषेत बसवलेले बूट घालून धावण्याच्या प्रकाराला इनलाइन स्केटिंग म्हणतात. जेम्स प्लिम्प्टन या अमेरिकन गृहस्थाने १८६३ साली प्रचारात आणलेल्या स्केटला चाकांच्या दोन जोड्या असतात व त्यामुळे उभे राहणे सोपे जाते. इनलाइनमध्ये ते स्थैर्य काहीसे गमवावे लागते, पण वेग आणि वळणावर अंग झोकून देण्याची मुभा मिळते. मिनेसोटातील स्कॉट व ब्रेनन ओल्सन या हॉकीपटू बंधूंनी बर्फ नसलेल्या महिन्यांत सराव चालू राहावा म्हणून १९८० च्या सुमारास हे साधन नव्याने घडवले. पुढच्या दशकात ते मुलांच्या मनात शिरले, त्यात पडद्याचा वाटा मोठा होता.

१९९३ सालचा, रॉब बोमन दिग्दर्शित ‘एअरबॉर्न’ हा त्याचा ठळक नमुना आहे. कॅलिफोर्नियाच्या लाटांवर वाढलेला मिचेल गूसन आईवडील ऑस्ट्रेलियाला गेल्यामुळे सहा महिन्यांसाठी सिनसिनाटीला नातेवाइकांकडे धाडला जातो, तेथे हॉकीवरून शाळेतल्या मुलांशी त्याचे बिनसते आणि अखेरीस उतारावरच्या शर्यतीत सगळ्याचा निकाल लागतो, एवढीच कथा. पटकथेत तशी मोठी करामत नाही. परंतु टेकड्यांच्या त्या शहरात गुडघे वाकवून, धड पुढे झुकवून, वाहनांमधून वाट काढत मुले खाली झेपावतात, तेव्हा पाहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला कथेची उणीव जाणवत नाही. त्याला कसब शिकवले जात नाही, कारण ते चित्रपटातून शिकवता येतच नाही. त्याची नजर मात्र बदलते, आणि घरासमोरचा उतार, जिन्याचा कठडा, पदपथाची कड या आजवर निरर्थक असलेल्या गोष्टी त्याला खुणावू लागतात.

पडदा एक गोष्ट मात्र हातचे राखून दाखवतो, ती म्हणजे थांबणे. नवशिक्याचा पहिला खरा धडा तोच असतो: ज्या बुटाच्या टाचेमागे रबरी ब्रेक असतो तो पाय पुढे सरकवून, बोटे किंचित उचलून, टाच हळूहळू दाबायची, किंवा मागचे पाऊल पुढच्याला आडवे धरून त्याची चाके जमिनीवर घासत न्यायची, ज्यात चाके झिजतात आणि तोल सुटला तर कोपरेही सोलवटतात. ओढ टिकते की विरते, हे बहुधा याच कंटाळवाण्या सरावात ठरते, आणि चित्रपटाने लावलेले वेड त्या दिवसांपुरते पुरले तरी त्याचे काम झाले असे म्हणावे लागेल.

१९९८ साली डिस्ने चॅनेलने दाखवलेल्या ‘ब्रिंक!’ या दूरचित्रवाणीपटाने निराळा प्रश्न पुढे आणला. घरच्या पैशांच्या चणचणीमुळे त्याचा नायक मित्रांना सोडून प्रायोजक असलेल्या संघात जातो, आणि निखळ आनंदासाठी स्केटिंग करणारे व मोबदल्यासाठी करणारे यांच्यात तो अडकतो. त्या काळी हा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हता, कारण कठड्यांवरून घसरण्याच्या व हवेत उसळण्याच्या साहसी इनलाइनला १९९५ पासून एक्स गेम्समध्ये स्थान मिळाले होते आणि त्यामागोमाग पैसाही आला होता. पुढच्या दशकात त्या स्पर्धांनी इनलाइन वगळले, प्रायोजक पांगले, आणि तरीही ज्यांच्या पायातून चाके उतरली नाहीत ते स्केटपटू स्वतःच्या खर्चाने बूट घेऊन रस्त्यावर येत राहिले.