छतावरचा रिपल आणि पेटंटची तारीख



बीड जिल्ह्यातल्या तलवाड्यासारख्या गावात सोलर आता दोन जागी भेटतो. एक शेतात, विहिरीवर नाहीतर बोअरवर. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के हिस्सा भरला की तीन, पाच किंवा साडेसात हॉर्सपॉवरचा संच मिळतो. दुसरा सोलर घराच्या छतावर. २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना त्यासाठीच आहे. पाट्या दोन्हीकडं सारख्याच दिसतात. पण त्यांच्या खाली बसवलेल्या पेटीत जे घडतं ते मात्र वेगळं असतं, आणि त्या वेगळेपणावरून जगभर पेटंटचे अर्ज होत आले आहेत. आज त्याबद्दल बोलणार आहे.

पाटीतून निघणारी वीज डीसी असते, एकाच दिशेनं वाहणारी. ऊन स्थिर असलं की तीही स्थिर. घराला लागते ती २३० व्होल्टची एसी, सेकंदाला पन्नास आवर्तनांची. सिंगल फेजच्या या विजेत व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतं. त्या क्षणी घराकडं काहीच शक्ती जात नाही, आणि मधल्या क्षणी सरासरीच्या दुप्पट जाते. ऊन मात्र थांबत नाही. पाटी देतच राहते. मग शून्याच्या आसपास जमलेली ऊर्जा ठेवायची कुठं? आपल्याकडं मोटारीचं पाणी आधी हौदात घेतात आणि मग हौदातून दारं धरतात. डीसीची एसी करणाऱ्या पेटीतला, म्हणजे इन्व्हर्टरमधला, हौद म्हणजे कपॅसिटर, आपले मिस्त्री ज्याला कंडेन्सर म्हणतात तो. तीन किलोवॉटच्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये सुमारे साडेनऊ ज्यूल ऊर्जा दर आवर्तनाला दोनदा त्यात भरली जाते आणि दोनदा काढली जाते. कंडेन्सर अपुरा असला की हा हेलकावा पाटीपर्यंत पोचतो. त्यालाच रिपल म्हणतात.

विहिरीवरच्या पंपाला ही अडचण नसते. तिथली मोटार बहुतेक थ्री फेज असते. तिन्ही फेजच्या शक्तीची बेरीज प्रत्येक क्षणी सारखीच राहते, एक फेज खाली येतो तेव्हा बाकीचे दोन भर घालतात. म्हणून सेकंदाला शंभर हेलकाव्यांचा हा प्रश्न मुख्यतः घराच्या छताचा आहे.

रिपलनं नुकसान काय होतं? प्रत्येक पाटीचं एक ठरावीक व्होल्टेज असतं, ज्यावर ती सर्वांत जास्त शक्ती देते. रिपल तिला त्या जागेवरून सतत इकडं-तिकडं ढकलतो. डेन्मार्कमधल्या आलबोर्ग विद्यापीठातल्या केअर, पेडरसन आणि ब्लोबिअर्ग यांनी २००५ मध्ये हिशेब मांडला होता: पाटीच्या क्षमतेपैकी ९८ टक्के शक्ती हाती यायची असेल, तर रिपल त्या व्होल्टेजच्या साडेआठ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

मग मोठा कंडेन्सर बसवला की झालं, असं वाटेल. कारखाने तेच करत आले. पण थोड्या पैशात मोठी साठवण देणारा कंडेन्सर इलेक्ट्रोलाइटचा असतो, आणि आतला ओलावा उष्णतेनं आटत जातो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. बीड जिल्ह्यातल्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लावलेल्या पेटीच्या आत किती असेल, याचा विचार करा. पाट्या उन्हात हव्यात, इन्व्हर्टर सावलीत आणि वाऱ्यावर हवा. बसवणाऱ्याला हे आवर्जून सांगा, वायर चार हात जास्त लागली तरी चालेल.

आता थोडं गणित. ४०० व्होल्टवर चालणाऱ्या तीन किलोवॉटच्या यंत्रात व्होल्टेजचा हेलकावा वीस व्होल्टवर ठेवायचा, तर सुमारे बाराशे मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो. त्यात साठतात ९६ ज्यूल, आणि कामाला येतात साडेनऊ. म्हणजे नऊ दशांश साठा नुसता पडून. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी उपाय काढला: लहान, कोरडा, फिल्मचा कंडेन्सर घ्यायचा, त्याला स्वतःचं छोटं सर्किट जोडायचं आणि त्याचं व्होल्टेज मोकळेपणानं खालीवर होऊ द्यायचं. साठा थोडा, पण जवळजवळ सगळा वापरात. हेलकावा तिथंच जिरतो, पाटीला लागत नाही.

हा विचार एकाच माणसाला सुचलेला नाही. टोकियोच्या तोशिहिसा शिमिझू यांचं रिपल कमी करण्यावरचं काम २००० मध्ये छापलं गेलं, आणि सौर पाटीला जोडायच्या इन्व्हर्टरसाठी २००६ मध्ये. अमेरिकेत फिलिप क्राइन आणि रॉबर्ट बॅलॉग यांनी २००९ मध्ये ‘रिपल पोर्ट’ मांडला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच शंभर वर्षं टिकणाऱ्या यंत्राची भाषा आहे. पुढं २०१४ मध्ये गूगलनं ‘लिटल बॉक्स’ स्पर्धा लावली: दोन किलोवॉटचा इन्व्हर्टर जमेल तितका लहान करा, रिपल मात्र ठरलेल्या मर्यादेतच हवा. २०१६ मध्ये बेल्जियमच्या ‘सीई प्लस टी पॉवर’ कंपनीच्या चमूनं दहा लाख डॉलरचं बक्षीस जिंकलं.

एवढं सगळं छापून झाल्यावर उद्या कुणी अर्ज केला की ‘रिपल वेगळ्या कंडेन्सरमध्ये जिरवणारा सौर इन्व्हर्टर’ हा माझा शोध आहे, त्याची मालकी वीस वर्षं मला द्या, तर काय करायचं? अर्जाच्या तारखेआधी जे जगाला उघडपणे ठाऊक होतं, त्याला पेटंटच्या व्यवहारात प्रायर आर्ट म्हणतात. शोधनिबंध, जुनं पेटंट, यंत्राचं माहितीपुस्तक, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, सगळं त्यात येतं. अर्जदारानं मागितलेली प्रत्येक गोष्ट एकाच जुन्या कागदात सापडली, तर शोध नवा नाही. दोन-तीन कागद एकत्र ठेवल्यावर जाणकाराला ती सहज सुचली असती, तर तो शोध उघड ठरतो. आणि कुणी नियंत्रणाची खरोखर नवी रीत काढली असेल, तर त्या रीतीपुरतं पेटंट त्याला मिळायलाच हवं. छापलेल्या मूळ कल्पनेवर मात्र कुणी कुंपण घालू नये. ते घातलं की छोट्या कारखान्याला तेच यंत्र महाग पडतं, आणि ती किंमत शेवटी छताखाली राहणारा भरतो.

असं कुंपण काढून टाकल्याचं आपल्या माणसाचं मोठं उदाहरण आहे. हळदीनं जखम भरते, यावर १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत पेटंट मिळालं. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या घराघरांत आजी हळद लावते, एवढं सांगून ते झालं नसतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातल्या नुसत्या वापराला किंमत नव्हती, छापील पुरावा हवा होता. परिषदेनं बत्तीस संदर्भ पुढं ठेवले, त्यांत १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंधही होता. तारीख घातलेल्या कागदांनी ते काम केलं.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम २५ नुसार, अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतो. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. २०२४ पासून या हरकतीला शुल्क लागतं, पण वकील किंवा कारखानदार असायची अट नाही. मंजुरीनंतरही हरकतीला एक वर्ष मिळतं, मात्र ती ज्याचा हितसंबंध आहे त्यालाच घेता येते. भारतात आधीपासून उघड वापरात असलेली गोष्ट हाही हरकतीचा आधार आहे. म्हणून इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांनी केलेल्या बदलाचं सर्किट काढून ठेवावं, त्यावर तारीख घालावी, गिऱ्हाइकाला दिलेल्या पावतीची प्रत जपावी. तंत्रनिकेतनातल्या मुलांनी प्रकल्पाची वही कपाटात कोंडू नये; ग्रंथालयाच्या नोंदीत ती चढली आणि लोकांना वाचता आली, की तीही पुरावा होते.

मात्र ज्याला स्वतःसाठी पेटंट हवं आहे, त्यानं उलट वागायचं. आधी अर्ज करायचा, मग यंत्र दाखवायचं. अर्जाआधी स्वतःच गावभर दाखवलेलं यंत्र पुढं आपल्याच विरुद्ध उभं राहू शकतं. कायद्यानं दिलेल्या सवलती थोड्या आहेत आणि त्यांना अटी आहेत.

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले अर्ज फुकट पाहता येतात. अर्ज उघडलात की लांबलचक वर्णनात गुंतू नका. शेवटी क्रमांक घातलेले दावे असतात, त्यांतला पहिला दावा आधी वाचा, त्यातला एकेक भाग वेगळा लिहून काढा, आणि प्रत्येक भागासमोर तो त्याआधी कुठं आणि केव्हा छापला गेला होता, ते मांडत जा.