पाण्याखालच्या कॅमेऱ्याला येणारा घाम

पाण्याखाली छायाचित्रे घेणाऱ्याला सर्वांत मोठी भीती कशाची, असे विचारले तर आपण चटकन म्हणाल, पेटीत पाणी शिरण्याची. ती भीती खरीच आहे आणि जुनीही आहे. १८५६ साली इंग्लंडातल्या वेमथजवळ विल्यम थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने कॅमेरा पेटीत घालून समुद्रात सोडला, तेव्हा पेटीत पाणी शिरलेच होते. आज पेट्या पुष्कळ सुधारल्या. झाकणाच्या खाचेत रबराचे कडे बसवलेले असते आणि खोल जावे तसतसे पाणीच झाकण अधिक घट्ट दाबून धरते. पण दुसरा एक शत्रू आहे, तो बाहेरून येतच नाही. आपणच त्याला पेटीत बसवतो, झाकण लावतो आणि बरोबर खाली घेऊन जातो. तो म्हणजे हवेतली वाफ.

माझा त्याच्याशी परिचय मालवणला झाला. आमच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे एक सहकारी तिथल्या पोवळ्यांच्या एका खडकाची दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून छायाचित्रे घेतात. कुठे वाढ झाली, कुठे मर झाली, हे वर्षावर्षाच्या चित्रांची तुलना करूनच कळते. त्या वर्षी मे महिना संपत आला होता. एकच दिवस हातात होता, नंतर पाऊस आणि होड्या किनाऱ्यावर. बुडी घेऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच काचेच्या आतून पांढरी साय धरली. वर आल्यावर मी घाबरून म्हणालो, "पेटी गळली!" आमच्या नाखव्याने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि शांतपणे म्हणाला, "सर, पाणी नाय गेला. पेटीक घाम इलो."

अहो, मी भूगोल शिकवतो. दवबिंदू हा विषय दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. आणि तो माझ्या हातातल्या पेटीत उभा असताना मला ओळखता आला नाही! त्या वर्षीची चित्रे गेली ती गेलीच.

आता हिशेब पाहा. ३० अंश सेल्सियस तापमानाची हवा एका लिटरात सुमारे ३० मिलिग्रॅम वाफ धरू शकते. किनाऱ्यावर आर्द्रता ८० टक्के धरली, तर प्रत्यक्षात २४ मिलिग्रॅम असते. या हवेवर आपण झाकण लावले. खाली पाणी २५ अंशांचे लागले, तर त्या तापमानाला लिटरात मावते २३. उरलेला एक मिलिग्रॅम जाणार कुठे? तो सर्वांत थंड जागी बसतो. प्लॅस्टिकच्या पेटीत कॅमेऱ्याची ऊब कोंडून राहते आणि थंड जागा म्हणजे बहुधा समोरची काच. एक मिलिग्रॅम म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण त्याचे सूक्ष्म थेंब काचभर पसरले की प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि काच आंधळी होते. त्यात केसांतून एखादा थेंब आत पडलेला असला, आणि पेटी होडीत उन्हात ठेवली, तर त्या थेंबाचीही वाफ होते. मग विचारूच नका.

तेव्हा खरा प्रश्न पेटी कुठे उघडावयाची हा नसून, कोणत्या हवेवर बंद करावयाची हा आहे. वातानुकूलित खोलीत २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर लिटरात जेमतेम ११ मिलिग्रॅम वाफ असते; तिचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास. आपल्या समुद्रात बुडी घेणाऱ्याला एवढे थंड पाणी भेटणार नाही. मात्र पेटी खोलीतच बंद करा. थंड कॅमेरा उघडाच बाहेर आणलात तर भिंगावरच दव धरेल. बंद पेटीच्या बाहेरच्या अंगाला धरले तरी बिघडत नाही, ते समुद्रात धुऊन जाते.

अशी खोली सर्वांनाच कुठली मिळायला? हिवाळ्यात एक मौज आहे. कोकणातली पहाटेची हवा ओली वाटते, गवतावर दव असते, म्हणून आपण ती टाळतो. पण २० अंशांची हवा पूर्ण ओली असली तरी तिच्यात १७ मिलिग्रॅमच वाफ असते आणि तिचा दवबिंदू २० च. समुद्र त्याहून कोमट. म्हणजे पहाटे, ओसरीवर, कोरड्या हातांनी बंद केलेली पेटी दुपारी होडीत बंद केलेल्या पेटीपेक्षा केव्हाही चांगली. मे महिन्यात हा उपाय चालणार नाही, कारण तेव्हाची पहाटही उकाड्याची.

मग सिलिका जेल. औषधांच्या बाटलीत ज्याची पुडी असते तेच हे. एका लिटरातल्या वाफेला एखादा ग्रॅम पुष्कळ झाला, पण दोन अटी आहेत. एक तर पुडी स्वतः कोरडी हवी. महिनाभर उघड्यावर पडलेली पुडी म्हणजे भरलेला स्पंज. दुसरी अट अशी की तिला वेळ द्यावा लागतो, निदान अर्धा-पाऊण तास. बुडी घेण्याच्या क्षणी घातलेली पुडी मनाच्या समाधानापुरती. आणि ती झाकणाच्या कडेला येऊ देऊ नका. कागदाचे टोक किंवा एखादा केस रबराच्या कड्याखाली अडकला, तर घाम टाळायला गेलो आणि पाणी आत घेतले, असे व्हायचे! तांदूळ घालणारेही पाहिले आहेत. त्याने फारसे काही साधत नाही.

होडीत पेटी सावलीत, ओल्या फडक्याखाली किंवा गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवावी. दोन बुड्यांच्या मध्ये ती उघडण्याचा मोह होतो; टाळता आला तर टाळावा.

आणि खाली गेल्यावर साय धरलीच तर? पेटी तिरकी करून बघा. साय जागच्या जागी असेल तर तो घाम. थेंब घरंगळू लागला तर मात्र पाणी शिरले समजा. भिंग खाली करून धरा आणि बुडी आटोपा. पण वर यावयाचे ते नेहमीच्या संथ गतीनेच, साथीदाराला खूण करून. कॅमेऱ्यासाठी घाईने वर येणे फुप्फुसांना आणि रक्ताला परवडत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पेटी लॉजच्या थंड खोलीत आदल्या रात्री बंद केली, आत दोन ताज्या पुड्या ठेवल्या आणि होडीत उघडली नाही. नाखवा दोनदा डोकावून गेला. चित्रे स्वच्छ आली. सहकाऱ्यांनी ती वहीत ओळीने चिकटवली आहेत. मधले एक पान कोरे आहे, त्यावर फक्त तारीख लिहिली आहे.