कयाधू थेट समुद्राला मिळत नाही

आजचा भाग दहावीच्या लेकरांसाठी, आणि ज्यांच्या घरात दहावीचं लेकरू आहे त्या दादा-ताईंसाठी. विषय आहे मराठीच्या पेपरातला निबंध.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव नरसी नामदेव. सुट्टीत गावी आलो की गल्लीतली पोरं वह्या घेऊन येतात. यंदा पाच वह्या पाहिल्या. पाचही वह्यांत नदीचं आत्मकथन, आणि पाचही वह्यांत तीच नदी! बर्फाच्या शिखरावर जन्मली, खळाळत डोंगर उतरली, सागराला भेटली. अरे बाबांनो, आपल्या कयाधूनं बर्फ कधी पाहिला? ती पैनगंगेला मिळते. मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं, पावसाळ्यात तीच काठावरच्या शेतात घुसते. परतवारी एकादशीला तिच्या काठी वारकऱ्यांची केवढी गर्दी होते! एवढा ऐवज दारात असताना गाईडमधली नदी कशाला पाठ करायची? तपासणाऱ्या सरांपुढे गठ्ठा असतो. तीच नदी तिसऱ्यांदा आली की ते काय मन लावून वाचणार?

आता हिशोब. कुमारभारतीचा पेपर ८० गुणांचा, वेळ ३ तास. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यांपैकी एकच लिहायचं, ८ गुणांना. झाली १८ मिनिटं. त्यातली पहिली तीन पेन्सिलीनं मुद्दे काढायला द्या. पोरांना ही तीन मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. आम्ही कोड लिहितानाही नवीन माणूस हेच म्हणतो. शेवटची तीन वाचायला ठेवा, ऱ्हस्व-दीर्घ तिथंच सापडतात.

प्रश्नात चौकट करून मुद्दे दिलेले असतात. त्यातला एकही सोडू नका, पण तेवढ्यावर थांबूही नका. आत्मकथनात 'मी' म्हणजे ती वस्तू. मधेच "नदी आपल्याला पाणी देते" असं आलं की सगळं बिघडलं. प्रसंगलेखनात तुम्ही तिथं हजर असल्यासारखं लिहा: काय दिसलं, कसला वास आला, कोण काय बोललं. हळद शिजवतानाचा वास हिंगोलीच्या पोराला कुणी शिकवायची गरज नाही. वैचारिकला मात्र दुसरी बाजूही दोन ओळींत मांडा, मग आपलं मत.

भाषा? बोलणाऱ्याच्या तोंडी गावाकडची चालते, अवतरणचिन्हात. बाकी प्रमाण मराठी ठेवा. आणि सुरुवातीला सुविचार नको, थेट विषयात शिरा.

चला, हा भाग संपला की मोबाईलवर १८ मिनिटांचा गजर लावा. विषय देतो: कयाधूच्या घाटावरची पायरी बोलू लागली तर. लिहिलेलं शाळेतल्या बाईंना दाखवा. पुढच्या भागात पत्रलेखन घेऊ.