गडरा रोडचे सतरा रेल्वे कामगार

(केंद्रसंमेलनात दिलेले भाषण)



देवरीला रेल्वे नाही. गावावरून महामार्ग जातो, त्यावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात. पण आगगाडी पाहावयाची तर आपल्या मुलांना आमगावास किंवा गोंदियास जावे लागते. तरीही आज मी रेल्वे कामगारांविषयीच बोलणार आहे. १९६५ च्या युद्धाची गोष्ट सांगताना आपण रणगाडे आणि विमाने यांपाशी थांबतो. रणगाड्याला तेल कोणी पोचविले, सैनिकाला पाणी कोणी नेले, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात.

राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात गडरा रोड नावाचे लहानसे स्थानक आहे. फाळणीत मूळ गडरा गाव पाकिस्तानात गेले आणि त्याच्या नावाचे स्थानक भारतात राहिले. बाडमेरहून मुनाबावकडे जाणारा हा मार्ग त्या काळी मीटरगेज, एकेरी आणि उत्तर रेल्वेकडे होता. भोवती वाळवंट. तेथील स्थानकांना पिण्याचे पाणीसुद्धा गाडीने पुरवावे लागे. तेव्हा सीमेवरील सैन्याचा दारूगोळा, शिधा आणि पाणी या सर्वांचा भार ह्याच दोन रुळांवर होता. शत्रूला हे ठाऊक नसते तरच नवल. ८ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय सेनेने गडरा घेतले आणि दुसऱ्याच दिवशी, ९ सप्टेंबरला, पाकिस्तानी विमानांनी या मार्गावर बाँब टाकले.

रूळ उखडले की गाडी थांबते आणि पुढच्या तुकड्या उपाशी-तहानेल्या पडतात. मग दुरुस्तीला जावयाचे कोणी? ज्यांचे ते रोजचे काम, त्यांनीच. खड्डा बुजवावयाचा, माती ठोकून घट्ट करावयाची, स्लीपर मांडावयाचे, वाकलेला रूळ काढून दुसरा आणावयाचा, फिशप्लेट लावून बोल्ट कसावयाचे आणि दोन रुळांतील अंतर बरोबर एक मीटर भरते की नाही, हे मापून पाहावयाचे. मीटरगेज मार्गांवर ६० पौंडी रूळ पुष्कळ ठिकाणी असे. ‘६० पौंडी’ म्हणजे यार्डाला ६० पौंड वजनाचा. असा १२ यार्ड लांबीचा रूळ किती किलो भरेल, हे गणित मुलांनाच करू द्यावे. उत्तर सव्वातीनशे किलोच्या आसपास येते. तेवढे ओझे खांद्यावर असलेली माणसे विमानाचा आवाज ऐकून एकदम आडोशाला पळू शकत नाहीत. आणि वाळवंटात आडोसा तरी कोठला!

गडरा रोडच्या परिसरात त्या युद्धात एकंदर १७ रेल्वे कर्मचारी मृत्यू पावले. त्यांत इंजिनचालक होते, फायरमन होते, खलाशी आणि गँगमन होते. त्यांच्या हाती पहार आणि घण होते, बंदूक नव्हती. स्थानकाजवळ त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी ९ सप्टेंबरला रेल्वे कामगार तेथे जमून श्रद्धांजली वाहतात.

त्याच आठवड्यात, १३ सप्टेंबरला, पंजाबातील गुरदासपूर स्थानकावर मालगाडीवर हल्ला झाला. फायरमन चमनलाल यांनी पेटलेले डबे इतर डब्यांपासून वेगळे करताना प्राण दिला. त्यांना मरणोत्तर शौर्यसन्मान मिळाला.

येथे एक भेद मुलांना स्पष्ट करून सांगावा. रेल्वेतील काही नोकर प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्यांत दाखल होत आणि युद्धप्रसंगी त्यांना गणवेशात बोलावले जाई. १९६५ मध्ये आणि १९७१ मध्येही तसे झाले. ती रीतसर लष्करी सेवा होय. गडरा रोडच्या गँगमनांना मात्र असे बोलावणे आले नव्हते. ते आपल्या नेहमीच्या नोकरीवर होते. युद्धच त्यांच्या कामावर चालून आले.

‘हुतात्मा’ हा शब्द त्यांना शोभतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु तो शब्द पाठाच्या आरंभीच उच्चारू नये, असे माझे मत आहे. तो ऐकताच मुले हात जोडतात आणि विचारावयाचे थांबतात. प्रथम काम सांगावे, मग मृत्यू सांगावा. शब्द मुलांना आपोआप सुचेल. आणि कृपा करून फळ्यावर जळते विमान काढून टाळ्या घेऊ नयेत.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जवान कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात उभे आहे. आपल्या गावांत असे स्मारक बहुधा नसेल. म्हणून गावातून सैन्यात, रेल्वेत, पोलिसांत कोण गेले, कोण परतले नाही, याची एक वही शाळेने ठेवावी. नावापुढे हुद्दा लिहावा आणि ‘प्रत्यक्ष काम’ असा वेगळा रकाना आखावा. माहिती घरी जाऊन विचारावी. मात्र ज्या घरी दुःख ताजे आहे, तेथे मुलांना पाठवू नये, शिक्षकाने स्वतः जावे.

पाठासाठी ९ सप्टेंबरचा आठवडा सोईचा आहे. त्या सुमारास पोळा-गणपतीच्या सुट्या येतात, तरी एक तासिका सहज निघेल. भारताचा नकाशा, दोरी आणि मीटरपट्टी एवढे साहित्य पुरे. अंगणात एक मीटर अंतरावर दोन दोऱ्या ताणून मुलांना मधून चालावयास लावावे.