‘इंजिन गेलं’ म्हणण्याआधी



रेडिओवर बोलताना कुठल्या कंपनीच्या मालाचं नाव घेऊ नये, असा संकेत आहे. आज तो थोडा मोडावा लागणार. पण ज्या गाडीबद्दल बोलायचंय ती बनायची थांबली जानेवारी २०१४ मध्ये, तेव्हा जाहिरातीचा आळ काही माझ्यावर येणार नाही. गाडी म्हणजे मारुती ८००. खरा विषय आहे तिच्या बॉनेटखालचं ७९६ सीसीचं इंजिन. सुझुकीच्या दप्तरी त्याचं नाव एफ-८-बी. ओम्नी व्हॅनमध्येही हेच होतं. अजूनही तालुक्यातालुक्यांत या गाड्या धावताहेत, आणि गॅरेजच्या दारात त्यांच्या मालकांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘साहेब, इंजिन गेलं.’ माझं म्हणणं असं, की हे इंजिन सहसा जात नाही. त्याच्या भोवतीचं काहीतरी जातं, आणि तिकडे लक्ष दिलं नाही तर ते इंजिनाला घेऊन जातं.

डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती बाहेर आली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर फियाटचं, म्हणजे कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं राज्य होतं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. मारुतीचं ७९६ सीसीचं, सिलिंडर तीनच, आणि ताकद ३७ ते ४० अश्वशक्ती. ज्या सालची गाडी त्याप्रमाणे थोडं कमीजास्त. आकार पाऊणपट आणि काम जवळपास तेवढंच. हे जमलं कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट इथे थेट हेडवर बसवलाय, मधल्या लांब दांड्यांची भानगड नाही, त्यामुळे इंजिन मोकळेपणी जोरात फिरतं. वर गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पद्मिनी भरायची जवळजवळ नऊशे.

आकड्यांतले दोनच लक्षात ठेवा. या इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क, सर्वात जास्त मिळते मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास, आणि पूर्ण ताकद मिळते ५००० फेऱ्यांच्या आसपास. फियाटवर हात बसलेली मंडळी चढावर टॉप गिअरमध्येच गाडी रेटायची. हे इंजिन तसं रेटलं की धडधडतं, तापतं आणि आतून ठोके देऊ लागतं. बोरघाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात यायला लाजू नये. आवाज वाढतो, पण त्या आवाजाने काही बिघडत नाही.

आता थरथर. सिग्नलला उभी असताना मारुतीचं स्टिअरिंग हातात किंचित नाचतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात एका टोकाचा पिस्टन दुसऱ्या टोकाशी पुरता तोलला जात नाही, त्यामुळे ते जागच्या जागी डुलतं. हा दोष नव्हे, घडणच तशी. मात्र ही थरथर अचानक वाढली तर आधी इंजिनाखालची रबरी फाउंडेशनं बघावीत, मग प्लग. तीनातला एक प्लग पेटेनासा झाला की तिसरा हिस्सा ताकद गेली, आणि गाडी अशी हादरते की मालकाला वाटतं आता सगळं संपलं. निघतं काय, तर काजळी धरलेला प्लग, नाहीतर पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये साचलेली ओल. कोरड्या फडक्याने कॅप आतून पुसली की गाडी चालू. फक्त अशी मिसिंग करणारी गाडी दिवसचे दिवस तशीच पळवू नका. १९९५ पासून महानगरांत विकलेल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि तो महागाचा डबा आतून वितळतो.

सर्वात जास्त मारुत्या मारल्या त्या मात्र उष्णतेने. इथे जरा थांबून सांगतो.

फियाटचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू तर पंखा चालू. मारुतीत तो विजेवर चालतो. पाणी ठरावीक तापलं की एक छोटा थर्मो स्विच त्याला चालू करतो. मोकळ्या रस्त्यावर वारा लागतो, पंख्याची गरजच पडत नाही. त्यामुळे तो स्विच किंवा पंख्याचा फ्यूज महिनोन् महिने बंद पडलेला असला तरी कळत नाही. कळतं ते मे महिन्यात, घाटातल्या ट्रकच्या रांगेत. वर कूलंटऐवजी नळाचं नाहीतर बोअरचं पाणी भरत राहण्याची आपली सवय. जुन्या बंबाच्या आत क्षारांचा जाड थर चढतो, तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. मग पंखा फिरला तरी पाणी फिरत नाही. रेडिएटरचं झाकणही नुसतं झाकण नसतं. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांना न उकळता त्याच्या बरंच पुढे उकळतं. झाकणाचं रबर चिरलं की ही सवलत गेली.

काटा वर चढला की गाडी बाजूला घ्यावी. ‘एवढा घाट चढून जाऊ, मग बघू’ हे वाक्य इंजिनाला फार महाग पडतं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जास्त तापलं की वाकतं, हेड गॅस्केट उडतं आणि तेल-पाणी एक होतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय आणि रेडिएटरमधलं पाणी कुठेही न गळता कमी होतंय, तर समजावं की तेच झालंय. आणखी एक फसवं लक्षण सांगतो. पाणी पूर्ण संपलं की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि वर गेलेला काटा खाली येऊ शकतो. लोक हुश्श करतात आणि पुढे निघतात. इंजिन खरोखर जातं ते त्या पुढच्या प्रवासात.

थांबायला जागाच नसेल तर गाडीतला हीटर पूर्ण उघडा. घामाघूम व्हाल, पण तो इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो. थांबल्यावर झाकणाला हात लावू नका. इंजिन पुरतं निवू द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं तर नकोच.

आमच्याकडे काही मेकॅनिक यावर एक जालीम उपाय करतात: थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकतात. गाडी तापत नाही हे खरं. पण मग ती थंडीत नीट गरमही होत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि सिलिंडर लवकर झिजतात. हा उपाय मला अजिबात मान्य नाही. पन्नास वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने सांगितला तरी नाही.

कार्ब्युरेटरबद्दल फार बोलत नाही, कारण नंतरच्या गाड्यांत त्याच्या जागी एमपीएफआय, म्हणजे संगणकाने चालणारं इंजेक्शन आलं. ज्यांच्याकडे अजून चोकची दोरी आहे त्यांनी ती ओढून विसरू नये; जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. नवी अडचण इथेनॉलची आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, आणि जुन्या कार्ब्युरेटरचे जेट तर ठरलेल्या मापाचे. त्यामुळे मिश्रण पातळ होतं, पिकअप अडखळतो, ॲव्हरेजही थोडं घटतं. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो, चिरतो. कोकणात पावसाळाभर गाडी झाकून ठेवत असाल तर आणखी एक धोका: इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि पाणी वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. पेट्रोलचे पाइप एकदा बदलून घ्या. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर आजच.

कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग बेल्ट रबराचा असतो. तो किलोमीटरने जुना होतो तसा वर्षांनीही होतो. आजोबांची गाडी कमी चालली म्हणून बेल्ट नवा राहत नाही.

राहिला धूर. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा भपका येतो आणि मग थांबतो, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं गेलीत. हे काम इंजिन खाली न उतरवता होतं. ॲक्सिलरेटर दाबताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांचा संशय घ्यावा. पण संशयच. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटर मावतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी झालं तरी फरक पडतो. डिपस्टिक दर आठवड्याला बघा.

आणि मेकॅनिक इंजिन खोलू म्हणाला, की त्याला आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर इंजिन खोलायचं कारण नाही, दुखणं बाहेर शोधा. एक आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात; वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ही तपासणी तासाभरात होते. ती तुमच्यासमोर झाल्याशिवाय इंजिन खोलायला होकार देऊ नका.