उजेड देणारी जाळीदार भुकटी



कामगार चळवळीतल्या माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. परंतु कारखान्यात वायूचा वास आधी येतो तो कामगाराच्याच नाकाला. विलायतेतल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची वर्दी मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. 1986 साली ती चाल मोडण्याचे ठरले. आपल्याकडे पुष्कळदा तो पक्षी म्हणजे कामगारच. तेव्हा विषय माझाच आहे.

जस्ताचा क्षार आणि टेरिलिनच्या कापडामागचे तेच टेरेफ्थॅलिक आम्ल एका द्रवात विरघळवून ऊब दिली, की जस्ताचे पुंजके सांधे होतात, आम्लाचे रेणू वासे होतात आणि मांडव आपोआप उभा राहतो. आत अडकलेला द्रव काढून टाकला म्हणजे मांडव रिकामा. 1999 साली उमर याघी यांनी केलेल्या अशा पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 2,900 चौरस मीटर पृष्ठभाग भरला. आपल्या हिशेबाने चिमूटभर भुकटीत सुमारे 29 गुंठे जमीन! याघी, कितागावा व रॉबसन यांना 2025 चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी.

मांडव खरोखर उभा आहे हे क्ष-किरणांनी पाहतात. उणे 196 अंशांवर नायट्रोजन आत किती शिरतो त्यावरून पोकळी मोजतात.

आता उजेड. वासा नॅफ्थलीनच्या जातीचा घेतला, तर अतिनील किरणांखाली भुकटी चमकते. 2013 साली पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. सुजित घोष व सहकाऱ्यांनी कॅडमियमची अशी जाळी केली. पिक्रिक आम्ल भेटले की तिची चमक मावळते. इतर नायट्रो-स्फोटकांनी तितकी नाही. हे आम्ल पिवळे, कडू. कधी काळी कापड रंगवायला आणि तोफगोळ्यांत भरायला वापरलेले. 1917 साली हॅलिफॅक्स बंदरात फुटलेल्या जहाजावर हेही होते. पोफळीच्या डोंगरात कोयनेसाठी सुरुंग लागले, तेव्हा स्फोटक म्हणजे काय हे अलोरेकरांना मी सांगायला नको. या आम्लाच्या रेणूला इलेक्ट्रॉनची हाव फार. चमकत्या वाशाचा इलेक्ट्रॉन ते पळवते आणि दिवा विझतो.

पण कॅडमियम स्वतःच विष! विष शोधायला पाण्यात विषच सोडायचे, हा कुठला न्याय? 2014 साली त्याच गटाने झिर्कोनियमची जाळी केली. ती पाण्यातही टिकते आणि तेच काम करते.

राहिली एक अडचण. प्रयोगशाळेतले पाणी स्वच्छ असते. कारखान्याच्या गटारातले रंगीत पाणी अतिनील किरणे स्वतःच गिळते, आणि विष नसतानाही चमक मंद दिसते. म्हणून भुकटी धुऊन पुन्हा चमकते का, हे दर खेपेस पाहावे लागते. आणि तेवढा वेळ पाळी थांबवायला मालक तयार हवा.