धान, कात्री आणि एक विषाणू
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला भाषेचा शिक्षक. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार थोडा. परंतु काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांना एच.आय.व्ही. झाला, अशी कुजबुज झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या बाकावर कोणी बसेना. मुलांना काय सांगावे, हे मलाही सुचले नाही. त्या लाजेपोटी मी वाचू लागलो. वाचले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या गोंदियात धान पिकते. पण शेतातले धान तसेच चुलीवर चढत नाही. राईस मिलमध्ये तूस व कोंडा निघतो, तेव्हा तांदूळ होतो. शरीराच्या पेशीत घडणाऱ्या अनेक प्रथिनांचेही असेच आहे. त्यांच्यावर रासायनिक संस्कार व्हावे लागतात. कोठे तुकडे पाडले जातात, कोठे साखर जोडली जाते, तर कोठे स्निग्धाम्ल. एच.आय.व्ही. आपल्याच पेशीत शिरून स्वतःची प्रथिने करवून घेतो. हे संस्कार रोखले तर?

एका बाबतीत हे साधले आहे. या विषाणूची काही प्रथिने एका लांब साखळीत जोडलेली असतात. ती कापणारी ‘प्रोटीएज’ नावाची कात्री विषाणूची स्वतःची असते. ती अडवली की निघणारा विषाणू कच्चा राहतो व नव्या पेशीला बाधा करू शकत नाही. अशा औषधांपैकी पहिल्या, सॅक्विनाविरला १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्या शासकीय केंद्रांत पहिला उपचार निष्फळ ठरलेल्यांना या जातीची औषधे दिली जातात.

बाकीचे संस्कार मात्र विषाणू आपल्या पेशीकडून फुकटात करवून घेतो. त्याच्या ‘गॅग’ प्रथिनाला स्निग्धाम्ल जोडले नाही, तर ते पेशीच्या आवरणाला नीट चिकटत नाही. त्याच्या ‘जीपी-१२०’ या बाह्य प्रथिनाचे जवळजवळ निम्मे वजन साखरेचे असते; त्या आड तो आपल्या प्रतिकारशक्तीपासून लपतो. येथे औषध शोधण्यात एक लाभ आहे. विषाणू स्वतःचे रूप भराभर बदलतो, पण आपली पेशी बदलणे त्याच्या हाती नाही. अडचणही तीच आहे. राबणारे कामगार आपलेच असल्याने त्यांना रोखले की घरचेही काम अडते. साखरेचा हा संस्कार बिघडवणारे एक औषध १९९० च्या सुमारास रुग्णांवर अजमावले गेले. जुलाबांमुळे पुरेशी मात्रा देता येईना. संशोधन चालू आहे. पुण्यात १९९२ पासून या रोगासाठी राष्ट्रीय संस्था आहे.

पालकहो, नवे औषध येईल तेव्हा येवो. आजचीही औषधे रोज, न चुकता घेतली तर रुग्ण दीर्घायुषी होतो. मधेच सोडली तर विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा बाहेर त्याला दहा हजार डॉलरहून अधिक पडत. २००४ पासून आपल्या देशात शासन हा उपचार मोफत देते. तपासणीही मोफत व गुप्त असते. १०९७ या क्रमांकावर विचारपूस करता येते.

विद्यार्थ्यांनो, एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही. १९८६ साली मद्रासमध्ये भारतातील पहिले बाधित शोधणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. रुग्णांना जवळ करण्यात त्यांनी आयुष्य घालवले. आमच्या मुलींनीही रसायनशास्त्र शिकावे, त्या अर्धवट राहिलेल्या शोधांत हातभार लावावा. आणि ज्याला तेही जमणार नाही, त्याने निदान त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसावे.